फ्लशची टाकी सारखी का वाहते? प्लंबरला केव्हा बोलवावे?

संडास हा विषय चारचौघांत बोलायचा नाही अशी आपल्याकडे सवय आहे. पण घरखर्चाची, पाण्याची आणि शेजारपाजाऱ्यांशी असलेल्या संबंधांची काळजी असेल, तर त्यावर बोलावेच लागेल. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे निम्मे आयुष्य चाळीच्या टोकाच्या सामाईक संडासाबाहेर टमरेल घेऊन रांगेत उभे राहण्यात गेले. तिथे टाकी नव्हती. असलीच तर उंचावर लोखंडी, साखळी ओढायची, आणि बिघडली तर ती दुरुस्त करणे हे महापालिकेचे किंवा मालकाचे काम होते. आता पुनर्वसनाच्या इमारतींत, म्हाडाच्या घरांत प्रत्येकाचा संडास घरातच आला आहे. मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून तिथली पहिली ५५६ कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या घेऊन बाहेर पडली. घराबरोबर भिंतीवर चिनी मातीची पांढरी टाकी आणि तिच्यावर दोन बटणे आली. ती टाकी आतून कशी चालते, हे मात्र चाव्या देताना कोणी समजावून सांगत नाही.

मग एके रात्री सगळे झोपलेले असताना संडासातून सूं-सूं आवाज येऊ लागतो. थोड्या वेळाने थांबतो, पुन्हा येतो. घरातली म्हातारी माणसे म्हणतात, कोणीतरी आत गेले असेल. आत कोणीही नसते. टाकी गळते आहे आणि गळालेले पाणी भरून घेते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आधी हिशोब पाहू. मी पेशाने कारकून, आकड्याशिवाय माझे समाधान होत नाही. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना आपल्या देशात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. आता समजा, तुमच्या टाकीतून एक लिटरची बाटली दोन मिनिटांत भरेल एवढी बारीक धार भांड्यात उतरते आहे. तासाला ३० लिटर झाले, दिवसाला ७२० लिटर. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसभर पुरावे एवढे, २०० लिटरचे साडेतीन पिंप पाणी, कोणाच्याही तोंडाला न लागता गटारात गेले. आणि ही काही फार मोठी धार नव्हे. भांड्याच्या मागच्या बाजूने पाणी ओघळत असले तर नजरेला ते जेमतेम चकाकते, आवाजही करत नाही.

टाकीत दोनच दरवाजे आहेत असे समजा. एक वरचा, त्यातून पाणी आत येते. एक खालचा, बटण दाबले की त्यातून पाणी भांड्यात पडते. वरच्या दरवाजाला तरंगता फुगा जोडलेला असतो. पाणी चढले की फुगा चढतो आणि पाण्याचे तोंड बंद करतो. जुन्या टाकीत पितळी दांडीच्या टोकाला गोळा असतो, त्यालाच आपले कारागीर बॉल कॉक म्हणतात. नव्या टाकीत उभ्या नळीवर वर-खाली सरकणारा प्लास्टिकचा पेला असतो. खालचा दरवाजा म्हणजे मधला उभा दट्ट्या. त्याच्या बुडाशी रबराची चकती असते, म्हणजे वायसर, आणि ती चकती टाकीच्या तळाच्या भोकावर घट्ट बसते. याखेरीज एक उघडी नळी असते. वरचा दरवाजा बंद झालाच नाही तर पाणी टाकीबाहेर सांडू नये, म्हणून जादा पाणी या नळीतून भांड्यात उतरते. जुन्या टाक्यांत ही जादाची नळी बाजूने बाहेर काढलेली असे, त्यामुळे पाणी फरशीवर पडे आणि बिघाड लगेच कळे. नव्या टाकीत ते गुपचूप भांड्यात जाते. सोय झाली खरी, पण बिघाड झाकलाही गेला.

तेव्हा पहिला प्रश्न एकच, की गळती वरच्या दरवाजाची की खालच्या?

टाकीचे झाकण उचला. चिनी मातीचे झाकण जड असते आणि ओल्या हातातून निसटते. दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर जुन्या कपड्यावर आडवे ठेवावे, मुलांना लांब ठेवावे. मधले बटण झाकणातच बसवलेले असेल तर ते आधी फिरवून सोडवावे लागते. आत पाहा. पाणी जादाच्या नळीच्या काठावरून आत उतरत असेल तर दोष वरच्या दरवाजाचा. पाणी काठाच्या खाली आहे आणि तरीही टाकी अधूनमधून आपोआप भरून घेते, तर दोष खालच्या वायसरचा.

नुसत्या नजरेने कळत नसेल तर कपड्याला घालायची नीळ घ्या. नीळ प्रत्येकीच्या घरात असतेच. चमचाभर पाण्यात विरघळवून टाकीत टाका आणि पंधरा-वीस मिनिटे कोणालाही बटण दाबू देऊ नका. भांड्यातल्या पाण्याला निळी झाक आली की खालचा वायसर गळतो आहे. हळद घालू नये, तिचे डाग राहतात.

तिसरी परीक्षा रात्रीची. टाकीच्या शेजारी भिंतीत एक छोटी चावी असते, तिला अँगल कॉक म्हणतात. झोपण्यापूर्वी टाकी पूर्ण भरू द्या, चावी बंद करा, आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण करा. रात्री लागले तर बादलीने पाणी टाका. सकाळी पातळी खुणेच्या बरीच खाली गेली असेल तर पाणी तळातून गेले. जिथल्या तिथे असेल तर तळ ठीक आहे, पाणी वरून जादा येते आहे. किती गेले तेही काढता येते. टाकीची आतली लांबी ३५ आणि रुंदी १५ सेंटिमीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे अर्धा लिटर. तासात चार सेंटिमीटर उतरली तर दोन लिटर, दिवसाला पन्नास लिटरच्या आसपास.

आमच्या सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात काय झाले ते इथे सांगण्यासारखे आहे. सात मजली इमारत, मीटर एकच, बिल सर्वांत सारखे वाटले जाते. मी हिशोब पाहतो, म्हणून बिलाची वाढ प्रथम माझ्या लक्षात आली. मार्चनंतर पाणी संध्याकाळी सात-साडेसातलाच संपू लागले. वरच्या मजल्यावरच्या बायकांना तळमजल्याच्या नळावरून हंडे चढवावे लागले. पाणी संपले की माणसाचे तोंड सुटते. चौथ्या मजल्यावर एक मोठे कुटुंब आहे. दोन भाऊ, त्यांची मुले, आणि गावाहून शिक्षणासाठी आणलेले दोन पुतणे. जिन्यात कुजबुज सुरू झाली की तेच पाणी संपवतात. मग कुजबुजीचे बोलणे झाले, बोलण्याचे भांडण. कमिटीच्या बैठकीत एकाने तर माणशी जादा वर्गणीचा ठराव आणला. त्या घरची थोरली सून बैठकीतून उठून गेली. जाताना एवढेच म्हणाली, ‘दादा, आमची माणसं मोजता, तुमचे नळ पण मोजा की.’

तिचे म्हणणे रास्त होते. पुढच्या रविवारी आम्ही चार जण निळीची डबी घेऊन घरोघर गेलो. काहींनी नाके मुरडली, एका गृहस्थाने तर संडास दाखवायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवून बोलावून घेतले. दहा-बारा घरांच्या टाक्या गळत होत्या. सर्वांत मोठी गळती निघाली दुसऱ्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या एका आजींच्या घरी. त्यांना ऐकू कमी येते, डोळ्यांनाही कमी दिसते. सूं-सूं आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. त्यांचा बॉल कॉक बंदच होत नव्हता आणि दिवसरात्र पाणी जादाच्या नळीतून जात होते. आजी बिचाऱ्या स्वतः दोन बादल्यांत दिवस काढत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या त्या घराच्या टाकीतल्या पाण्यात निळीचा थेंब टाकून अर्धा तास थांबलो. भांड्यातले पाणी जसेच्या तसे स्वच्छ. आजींचा वायसर आमच्यातल्या एका तरुणाने बदलला, बाकीच्यांनी आठवड्याभरात आपापल्या टाक्या करून घेतल्या. पाणी पुन्हा रात्री दहापर्यंत पुरू लागले. ठराव मागे घेतला गेला आणि सेक्रेटरींनी त्या सुनेच्या घरी जाऊन तसे सांगितले.

आता दुरुस्तीकडे वळू. वरच्या दरवाजाचे दोष तीन-चार प्रकारचेच असतात. पाण्याची पातळी जास्त लावली असेल तर ती जादाच्या नळीच्या काठापासून बोटभर, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणावी. पितळी दांडी असेल तर ती हाताने किंचित खाली वाकवतात. प्लास्टिकच्या फुग्याला बाजूला स्क्रू किंवा चिमटा असतो, तो फिरवून फुगा खाली घेतात. गोळा काढून कानाशी हलवून पाहा. आत पाणी खळखळले तर गोळा फुटला आहे, तो तरंगणार नाही, नवा घ्यावा. फुगा टाकीच्या भिंतीला घासत असेल तर थोडा फिरवून मोकळा करावा. हे सर्व ठीक असून पाणी थांबत नसेल, तर पाण्याच्या तोंडाशी असलेला छोटा वायसर झिजला आहे किंवा त्यात रेतीचा कण अडकला आहे.

रेतीचा हा प्रकार नव्या इमारतीत फार. बांधकामातील सिमेंटचे कण, पाइप कापताना पडलेला भुसा, टेफलॉन टेपचे तुकडे पहिले काही महिने पाण्याबरोबर येत राहतात. इमारतीची वरची टाकी साफ केल्यावरही असेच होते. आपल्या घरात बिघाड झाला म्हणून घाबरायला नको. अँगल कॉक बंद करून टाकीला जोडणारी नळी सोडवावी, तिचे तोंड बादलीत धरून क्षणभर चावी उघडावी आणि घाण जाऊ द्यावी. काही टाक्यांत इथे बारीक जाळी असते, ती जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी. परत बसवताना प्लास्टिकची आटी फक्त हाताने आवळावी. पान्याने जोर लावला की ती तडकते आणि मग खरोखरच प्लंबर लागतो.

खालच्या मजल्यावरच्यांच्या वाट्याला एक जादा त्रास असतो. गच्चीवरच्या टाकीचे पाणी जितके खाली येते तितका त्याचा दाब वाढतो. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर. सात मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वायसरला जवळजवळ दोन किलोचा दाब सोसावा लागतो, तर सातव्याला जेमतेम. त्यामुळे खालच्यांचे वायसर लवकर झिजतात. चाळीस मजली इमारतीत तर मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावेच लागतात. ते बिघडले की एकाच उभ्या रांगेतल्या अनेक घरांच्या टाक्या एकदम वाहू लागतात. असे झाले तर आपल्या घरात वायसर बदलत बसू नये, सोसायटीला कळवावे.

खालच्या वायसरचे काम दिसते अवघड, असते सोपे. चावी बंद करून टाकी रिकामी करावी. दोन बटणांच्या टाकीतला मधला दट्ट्या बहुधा पाव वळसा डावीकडे फिरवला की हातात येतो. त्याच्या बुडाची रबरी चकती पाहा. बोअरिंगचे पाणी असेल तर तिच्यावर पांढरा क्षार जमलेला असेल. तो मऊ कपड्याने पुसावा, चकती थोडा वेळ व्हिनेगरात ठेवली तरी चालते. टाकीच्या तळाच्या काठावरून बोट फिरवून तिथलाही खरखरीतपणा साफ करावा. चकती कडक झाली असेल, चिरली असेल, बोटाला काळा रंग लागत असेल, तर नवी घ्यावी. दुकानात जाताना जुनी चकती बरोबर न्यावी, कारण प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते आणि ‘हीच बसते सगळ्याला’ हे दुकानदाराचे म्हणणे खरे नसते.

कधीकधी दोष दोहोंचाही नसतो. बटण दाबलेले तसेच अडकून राहते, किंवा बटणाखालची दांडी लांब पडल्याने दट्ट्या अधांतरी राहतो. झाकण उचलल्याबरोबर वाहणे थांबले तर हेच कारण समजावे आणि दांडी फिरवून आखूड करावी.

आणि ज्यांच्याकडे अजून बाजूला दांडा असलेली जुनी प्लास्टिकची टाकी आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. त्यातल्या बऱ्याच टाक्यांत तळाला वायसरचा दरवाजा नसून उलट्या वाकड्या नळीने पाणी खेचले जाते. दांडा तीन-चारदा मारल्याशिवाय पाणी सुटत नसेल तर आतला पातळ पडदा फाटला आहे. त्याने पाणी वाया जात नाही, हात मात्र दुखतो. अशी टाकी सतत वाहत असेल तर बहुतेक वेळा पाणी वरूनच जादा येत असते.

टाकीत ॲसिड ओतू नये. बाजारात मिळणाऱ्या, टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनीही रबर लवकर कुजते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि संडासासारख्या कोंदट जागेत तो जिवावर बेतू शकतो.

मग प्लंबरला बोलवायचे केव्हा? अँगल कॉक फिरतच नसेल तर. वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी पक्कड लावून जोराने फिरवली की तिचा दांडा तुटतो आणि पाणी थेट घरात. अशा वेळी आधी सोसायटीची त्या लाइनची चावी बंद करून घ्यावी लागते, म्हणून हे काम जाणत्याच्या हाती द्यावे. टाकीला तडा गेला असेल तर वरून एमसील लावून महिनाभर निभेल, पुढे नाही. टाकी आणि कमोड यांच्या सांध्यातून पाणी येत असेल, टाकी भिंतीच्या आत बसवलेली असेल, टाकीऐवजी भिंतीत धातूचा फ्लश व्हॉल्व्ह असेल, किंवा वायसर बदलूनही गळती थांबत नसेल, तर स्वतः खटपट करण्यात अर्थ नाही. आणि खालच्या घराच्या छताला ओल आली असेल तर एक दिवसही थांबू नये.

या शेवटच्या गोष्टीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची तरतूद आहे. बाहेरच्या सामाईक पाइपमुळे किंवा पावसामुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घरातील संडास, सिंक इत्यादींच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित घरांनी सोसायचा. म्हणून वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळूनच प्लंबर बोलवावा आणि दोघांसमोर परीक्षा करावी. वरच्या घरी अँगल कॉक एक-दोन दिवस बंद ठेवून बादलीने पाणी वापरले आणि तरी ओल वाढतच राहिली, तर दोष टाकीच्या नळीचा नसून सांडपाण्याच्या पाइपचा किंवा फरशीच्या सांध्यांचा असण्याचा संभव जास्त.

प्लंबरही आपल्यासारखाच कष्टकरी आहे, त्याची मजुरी घासाघीस करून मारू नये. पण घरच्या बाई एकट्या आहेत असे पाहून ‘ताई, पूर्ण टाकीच बदलावी लागेल’ असे सांगणारेही असतात. पाच-पन्नास रुपयांच्या वायसरपायी दोन-तीन हजारांची टाकी गळ्यात पडलेली घरे आमच्याच गल्लीत आहेत. निळीची परीक्षा आधी करून ठेवली की ‘भाऊ, खालचा वायसर गळतोय, तो बघा’ असे सांगता येते, आणि पुढचे बोलणेच बदलते. घरी येण्याचे किती, कामाचे किती, सामानाचे वेगळे किती, हे आधी ठरवावे. सामानावर आयएसआयची खूण पाहावी, काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दहावीनंतर काय करावे या विवंचनेत असलेल्या मुलामुलींनी लक्षात ठेवावे की आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. होय, मुलींनीही.

काम झाल्यावर प्लंबरसमोरच पुन्हा नीळ टाकून पंधरा मिनिटे थांबावे, त्याला तोवर चहा द्यावा. खालच्या घराचे छत ओले झाले असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत रंगाचे काम काढू नये, नाहीतर नवा रंग पहिल्या पावसाळ्यातच पोपडे धरतो.